वेल्समधला 'रिकामा' समुद्रकिनारा : व्हाइटफर्डला जायचं असेल तर आधी भरतीचं गणित का समजून घ्यावं लागतं?

एक फोटो तुमच्या फीडवर कधी ना कधी आला असेल. लांबच लांब ओली वाळू, आजूबाजूला चिटपाखरू नाही आणि मधोमध गंजलेलं, काळपट, जुन्या काळातल्या बुरुजासारखं लोखंडी दीपगृह. त्याच्या पायथ्याशी हात पसरून उभी असलेली एक व्यक्ती. खाली कॅप्शन 'हिडन जेम'.

हा फोटो बहुतेक वेळा दक्षिण वेल्समधल्या व्हाइटफर्ड सँड्स या किनाऱ्याचा असतो. फोटो खोटा नसतो, पण अर्धवट असतो. जिथे ती व्यक्ती उभी आहे तिथे सहा तासांनी तिच्या डोक्यावरून काही मीटर पाणी असतं, हे फोटोत दिसत नाही. आणि किनाऱ्यावर ना लाइफगार्ड, ना चहाची टपरी, ना आवाज देण्यासाठी दुसरं कोणी. ज्या शांततेसाठी माणसं तिथे जातात, त्याच शांततेमुळे तिथे चूक महाग पडते.

यूकेत शिकायला किंवा नोकरीला असलेले आपले बरेच वाचक आहेत, आणि सुट्टीत तिकडे फिरायला जाणारेही वाढलेत. म्हणून या किनाऱ्याची ही नीट ओळख.

नक्की कुठे आहे हे?

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वान्सी हे शहर आहे. त्याच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेला जमिनीचा एक लांबट तुकडा म्हणजे गावर द्वीपकल्प. निसर्गसौंदर्यासाठी कायद्याने जपायचा प्रदेश म्हणून १९५६ साली ब्रिटनने सगळ्यात पहिल्यांदा निवडला तो हाच. गावरचे दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे किनारे प्रसिद्ध आहेत. तिथे सर्फिंग चालतं, उन्हाळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही.

व्हाइटफर्ड मात्र वायव्य टोकाला आहे, पाठ फिरवून बसल्यासारखं. इथे लकर नदी समुद्राला मिळते. तिच्या खाडीला बरी इनलेट असंही म्हणतात. खाडीच्या तोंडाशी वाळूची एक जीभ उत्तरेकडे गेली आहे. तिच्या पश्चिमेला साधारण तीन किलोमीटरची पुळण, मध्ये वाळूच्या टेकड्या आणि पाइनची झाडं, पूर्वेला खाऱ्या चिखलाचं आणि गवताचं खाजण. पलीकडच्या काठावर लानेल्ली हे जुनं बंदर दिसतं. समोर कारमार्थन उपसागर, मग ब्रिस्टल चॅनल आणि त्यापुढे थेट अटलांटिक.

कोकणात वाढलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. खाडीचं तोंड, वाळूचा दांडा, आतल्या बाजूला खाजण. फरक दोनच. सुरूच्या जागी पाइन आणि भरतीचा आकार.

इतका सुंदर किनारा रिकामा कसा राहिला?

कोणाचं लक्ष गेलं नाही म्हणून नव्हे, तर लक्ष गेलं म्हणूनच.

साठच्या दशकात ब्रिटनमध्ये किनाऱ्यालगत बंगले, कॅरॅव्हॅन पार्क, कारखाने झपाट्याने उभे राहत होते. तेव्हा नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९६५ साली 'एंटरप्राइज नेपच्यून' नावाची मोहीम काढली. कल्पना साधी होती. लोकांकडून वर्गणी गोळा करायची आणि न बिघडलेला किनारा सरळ विकत घेऊन टाकायचा. त्या मोहिमेतून विकत घेतलेली पहिली जागा म्हणजे व्हाइटफर्ड बरोज, म्हणजे याच किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या. आज हा राष्ट्रीय निसर्ग राखीव भाग आहे. हॉटेल नाही, रस्ता नाही, दिवे नाहीत. तसं ठरवलं गेलं आणि गेली साठ वर्षं ते पाळलं गेलं.

त्याआधीचा एक कमी रम्य भागही आहे. दुसऱ्या महायुद्धात या खाडीचा वापर तोफांच्या चाचणीसाठी झाला. न फुटलेले गोळे वाळूत राहिले आणि वाळू सरकली की आजही एखादा वर येतो. तशा सूचनांचे फलक वाटेवर लावलेले आहेत. गंजलेला धातूचा तुकडा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, पायाने उलटवायचा नाही. दुरूनच जागा लक्षात ठेवायची आणि ९९९ ला कळवायचं. फलक बघून 'हे जुनं झालं असेल' असं म्हणणारे भेटतात. तोफगोळ्याला एक्सपायरी डेट नसते.

ते लोखंडी दीपगृह

एकोणिसाव्या शतकात लानेल्लीहून कोळसा आणि धातूचा मोठा व्यापार चाले. पण बंदरात जायची वाट या खाडीतून होती आणि खाडीतली वाळू सतत जागा बदलायची. म्हणून १८६५ साली बंदराच्या कारभाऱ्यांनी व्हाइटफर्डच्या टोकापुढे हे दीपगृह उभारलं. ओतीव लोखंडाचे वाकवलेले पत्रे एकमेकांना बोल्टने जोडून केलेला, खाली रुंद आणि वर निमुळता बुरूज. उंची साधारण १३ मीटर. भरतीला लाटांमध्ये उभं राहणारं या आकाराचं ओतीव लोखंडी दीपगृह ब्रिटनमध्ये हे एकच उरलंय. बोटींना वाट दाखवायचं त्याचं मूळ काम शंभरेक वर्षांपूर्वीच संपलं. आता तिथे मुक्काम असतो पाणकावळ्यांचा.

दीपगृह बांधून तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. २२ जानेवारी १८६८. लानेल्लीच्या बाजूने कोळसा भरलेली शिडाची जहाजं वाफेच्या टगबोटींनी ओढत खाडीच्या तोंडापर्यंत आणली आणि सोडली. वादळ नव्हतं. उलट वारा पडलेला होता आणि नेमका तोच घात ठरला. बाहेरच्या समुद्रातून दांडगी, लांब लाट येत होती आणि शिडात वारा नसल्याने जहाजांना तिच्यातून बाहेर पडताच येईना. डझनाहून जास्त जहाजं एका रात्रीत एकमेकांवर आणि वाळूवर आदळून फुटली. माणसं गेली. दीपगृह होतं, पण दिवा धोका कुठे आहे एवढंच सांगतो.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण या किनाऱ्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज तोच आहे. 'आज समुद्र शांत आहे, म्हणजे काही भीती नाही.'

भरती इतकी मोठी का?

पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत 'आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असं आपण वाचतो. खरं तर तो आकडा लाटांचा नसतोच. भरतीच्या वेळी पाण्याची पातळी किती वर जाणार, त्याची ती उंची असते. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक साधारण चार ते पाच मीटर असतो. व्हाइटफर्डच्या परिसरात उधाणाला तो आठ मीटरच्या घरात जातो. जवळपास तीन मजली इमारतीएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. ब्रिस्टल चॅनलमध्ये आणखी आत, सेव्हर्न नदीच्या मुखाकडे तर हा फरक चौदा मीटरपर्यंत पोचतो. जगातल्या सर्वात मोठ्या भरत्यांमध्ये त्याची गणना होते.

याची कारणं दोन. एक, हा चॅनल नरसाळ्यासारखा आहे. अटलांटिककडे रुंद आणि खोल, आत जाता जाता अरुंद आणि उथळ. तेवढंच पाणी कमी जागेत शिरलं की वर चढणारच. दुसरं कारण पाळण्याचं. पाळणा नेमक्या वेळी ढकलला की थोड्या जोरातही मोठा झोका मिळतो. या चॅनलची लांबी आणि खोली अशी आहे की त्यातलं पाणी मागेपुढे हिंदकळायला लागणारा वेळ अटलांटिकच्या भरती-ओहोटीच्या ठेक्याशी बराच जुळतो. त्यामुळे प्रत्येक भरती आधीच्या झोक्याला आणखी रेटा देते.

आता यात सपाट वाळू मिसळा. पाणी उभं चढायला जागा नसेल तर आडवं पसरतं. समजा किनाऱ्याचा उतार असा आहे की २०० मीटर चालल्यावर एक मीटर चढ लागतो. भरतीच्या मधल्या तासांत पाणी तासाला दोन मीटर वर येतं. म्हणजे पाण्याची कड तासाभरात ४०० मीटर पुढे येणार. हे ऐकायला फार वाटत नाही, चालत निघालो तरी आपण पुढे राहू. पण पाणी सरळ रेषेत येत नाही. आधी ते वाळूतल्या चरांमधून, खोलगट भागांमधून शिरतं. तुम्ही उंचवट्यावर उभे राहून समोरच्या समुद्राचा फोटो काढत असता आणि पाणी तुमच्या मागच्या चरातून आलेलं असतं. समोर कोरडं, मागे पाणी. माणसं अशीच अडकतात.

हे पुस्तकी भय नाही. इंग्लंडच्या वायव्येला मोरकॅम बे नावाची अशीच सपाट वाळूची, मोठ्या भरतीची जागा आहे. तिथे ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपल्या गोळा करायला गेलेले किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून बुडाले.

आजोबांचं सूत्र तिथे चालत नाही

कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, पंचांग लागतं. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. यातला पाऊण कुठून आला? चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, हिशोबाला सोपी आणि पुरेशी जवळची. कोणत्याही ॲपशिवाय केलेलं हे फार सुरेख गणित आहे.

पण त्याचा पहिला आकडा आपल्या किनाऱ्याचा आहे. पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास येते. व्हाइटफर्डला त्या दिवसांत स्थानिक घड्याळात भरती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास असते आणि दुपारी असते खडखडीत ओहोटी. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे ओहोटी दुपारी एक-दीडकडे. थोडक्यात, आपलं सूत्र घेऊन गेलात तर उत्तर जवळपास पूर्ण उलटं येईल. रोज ५० मिनिटांनी पुढे सरकण्याचा नियम तिथेही तोच, सुरुवात मात्र वेगळी.

म्हणून त्या तारखेचं, त्या भागाचं भरतीचं कोष्टक पाहायचं. बरी पोर्ट हे पलीकडच्या काठावरचं जवळचं ठिकाण आहे, स्वान्सीचंही चालतं. कोष्टकातली वेळ उन्हाळी घड्याळाप्रमाणे आहे की नाही हे आधी तपासा. एका तासाची ही चूक चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांची होते.

मग दीपगृहापर्यंत जायचं कसं?

लंडनहून स्वान्सी रेल्वेने तीनेक तास. तिथून लानमॅडॉक या गावापर्यंत बस जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे परतीची बस आधी बघा, जातानाची नंतर. गाडी असेल तर प्रश्न नाही. गावात छोटं दुकान आणि पब आहे. पाणी, खाणं, स्वच्छतागृह, सगळं इथेच उरकायचं, पुढे काही नाही. गावातून कूम आयव्हीच्या उतारावरून खाली आलं की पाइनच्या झाडीतून वाट वाळूच्या टेकड्यांकडे जाते. टेकड्यांमध्ये गवत दाट असतं आणि त्यात ॲडर जातीचे साप असतात. ब्रिटनमधला हा एकमेव विषारी साप. तो भित्रा असतो, मळलेली वाट सोडली नाही की पुरे.

गावापासून दीपगृह चालत तासाभराहून जास्त अंतरावर आहे, आणि ओल्या वाळूत पाय रुततात म्हणून वेळ जास्तच लागतो. सोपा हिशोब असा : कोष्टकातल्या ओहोटीच्या वेळेआधी दोन तास गाव सोडायचं. दीपगृहापाशी पोचून ओहोटीची वेळ झाली, घड्याळात तो क्षण आला, की परत फिरायचं. तेव्हा समुद्र सगळ्यात दूर असतो आणि 'अजून तासभर थांबायला काय हरकत आहे' असं नेमकं त्याच वेळी वाटतं. भरती पहिल्या तासात अगदी सावकाश चढते, पाण्याचा बारावा हिस्सा फक्त. दुसऱ्या तासात दुप्पट. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. पहिल्या तासाचा संथपणा फसवतो तो असा.

उधाणाच्या दिवसांत पाणी खूप दूर जातं आणि दीपगृहाकडची वाळू उघडी पडते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, ओहोटी असूनही पाणी पुरतं मागे सरत नाही. त्या दिवशी किनाऱ्यावरून दीपगृह बघावं आणि समाधान मानावं. धुकं असेल तरीही. सपाट वाळूवर धुक्यात दिशा कळत नाही, आणि फोनचा नकाशा पाणी कुठपर्यंत आलंय ते सांगत नाही.

दीपगृहावर चढायचं नाही. पोहायचंही नाही. टोकाजवळ खाडीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला चांगलीच ओढ असते. खाजणाच्या बाजूने शॉर्टकट मारायचा मोह होईल, तिथे चिखल गुडघ्यापर्यंत घेतो. पाय रुतलाच तर जोरात ओढायचा नाही. मागे रेलून बसायचं, वजन पसरायचं, हळूहळू एकेक पाय सोडवायचा. निघत नसेल तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं, आणि हे लवकर करायचं. लाज वाटून अर्धा तास घालवणं परवडत नाही.

खाजण, फुटलेला बांध आणि शिंपल्या

पूर्वेकडची बाजू बहुतेक पर्यटक बघतच नाहीत. मला विचाराल तर दीपगृहापेक्षा तीच जास्त रोचक आहे, आणि ती बघायला भरतीशी शर्यत लावावी लागत नाही.

कूम आयव्हीच्या खाली समुद्राचं पाणी अडवणारा जुना बांध होता. आपल्याकडे खारभूमीत खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घालतात तसाच. त्यामागे गोड्या पाण्याचं कुरण होतं. २०१४ साली समुद्राने हा बांध फोडला. कोकणातल्या कुठल्याही गावाची पहिली प्रतिक्रिया बांध पुन्हा बांधा अशीच असती, आणि पोटापाण्याची शेती मागे असेल तर ती बरोबरही आहे. इथे मात्र बांध न दुरुस्त करण्याचं ठरलं. समुद्राची पातळी वाढतेय, वाळू आणि खाजण दोन्ही आत सरकणार, त्यांना सरकायला जागा दिली तर तेच पुढच्या जमिनीचं रक्षण करतील, असा विचार त्यामागे होता. कुरण मेलं, झाडं वाळली, पण काही वर्षांतच तिथे खाऱ्या पाण्यातल्या वनस्पती उगवल्या आणि पक्षी आले. आज वाळलेल्या झाडांचे सांगाडे आणि त्यांच्याखाली हिरवं खाजण असं दृश्य दिसतं.

खाडीकाठच्या अशा खाजणांवर मेंढ्या चरतात. तिथल्या खारट वनस्पतींवर वाढलेल्या 'गावर सॉल्ट मार्श लँब'ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ब्रिटनच्या नव्या मानांकन योजनेतलं हे पहिलं नाव. आपल्या हापूसला आहे तसंच काहीसं.

आणि खाडीतल्या चिखलवाळूत असतात कॉकल, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या नात्यातल्या, फुगीर आणि रेघारेघांच्या शिंपल्या. खाडीकाठच्या पेनक्लॉड गावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गाढवं घेऊन ओहोटीला वाळूवर जायच्या, दाताळ्याने वाळू खरवडायच्या, चाळणीने बारीक शिंपल्या मागे सोडायच्या आणि भरतीच्या आत परतायच्या. भरतीचं कोष्टक त्यांच्या अंगात होतं. १९६५ पासून हा धंदा परवान्यावर चालतो आणि आजही शिंपल्या हातानेच गोळा कराव्या लागतात.

या शिंपल्यांचा दुसरा गिऱ्हाईक कालवफोड्या, काळापांढरा, लाल चोचीचा पक्षी. हिवाळ्यात आपल्याही किनाऱ्यावर येतो. सत्तरच्या दशकात शिंपल्या घटल्या तेव्हा दोष त्याच्यावर आला आणि खाडीत हजारो कालवफोडे अधिकृतपणे मारले गेले. घट खरंच पक्ष्यांमुळे झाली होती का, यावर शास्त्रज्ञांनी नंतर शंका घेतली. २००२ नंतर तर मोठ्या झालेल्या शिंपल्या उन्हाळ्यात ढिगाने मरू लागल्या. सांडपाणी, रोग, दाटी अशी अनेक कारणं मांडली गेली, पण यावेळी पक्ष्याला कोणी बंदूक दाखवली नाही.

कॉकल खायच्या असतील तर किनाऱ्यावर वेचायला जाऊ नका, त्याला परवाना लागतो. परतीच्या वाटेवर स्वान्सीच्या मार्केटमध्ये मधोमध कॉकलवाल्यांचे ठेले आहेत. उकडून सोललेल्या शिंपल्या छोट्या कपात मिळतात, वर व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड. शेजारीच लेव्हरब्रेड नावाचा काळसर हिरवा गोळा दिसेल, तो पाव नाही, तासन्‌तास शिजवलेलं समुद्री शेवाळ आहे. न्याहारीला कॉकलसोबत परतून खातात. आपल्या जिभेला कॉकल थोड्या फिक्या लागतील. पाव किलो बांधून घ्या आणि घरी गेल्यावर कांदा, ओलं खोबरं, आमसूल घालून सुकं करा.